मागच्या सीटवरचा हात

दगा द्यायला गाडीला नेमका तोच रविवार सापडला. सकाळी साडेआठला तोरून घरातून बाहेर आली ती नटूनथटून. अंगात आजीच्या गावचा भरतकामाचा लोकरी पोशाख, बुनाद, जो शिवायला तिला दोन हिवाळे लागले होते, आणि छातीवर चांदीची ब्रोच, तिचे लोंबते तुकडे चालताना किणकिणत होते. तिनं चावी फिरवली आणि गाडीनं नुसतं टक् केलं. पुन्हा फिरवली. पुन्हा टक्. बॉनेट उघडलं, आत बघितलं, बॉनेट बंद केलं. मासळीच्या कारखान्यात बावीस वर्षं सुरी चालवलेली बाई; कॉड माशाच्या पोटात कुठे काय असतं ते तिनं झोपेत सांगितलं असतं. गाडीच्या पोटातलं तिला काय कळणार?

चर्च शेहेचाळीस किलोमीटरवर, राइनफेल डोंगराच्या पलीकडे, एल्वेमोला. प्रार्थना अकराला. रविवारी बस नाही. शेजारी सगळे आठलाच गेलेले, कारण लोकांना पुढचे बाक हवे असतात. पंधरा वर्षांच्या पोरांचं कन्फर्मेशन, आपली श्रद्धा चर्चमध्ये स्वतः कबूल करण्याचा विधी, म्हणजे त्यांच्या स्कार्व्हनेससारख्या गावात लग्नाहून मोठं. पोरं पांढरे झगे घालून वेदीपुढे उभी राहतात, पाद्री एकेकाचं नाव पुकारतो, आणि ज्याचं नाव येईल त्याची माणसं बाकावरून उठून उभी राहतात. तेवढंच. पण त्या उभं राहण्यासाठी लोक देशाच्या दक्षिणेतून विमानानं येतात. आणि आज त्या पोरांत तोरूनची लेक सिग्ने होती.

सिग्ने आठवडाभर तालमीसाठी एल्वेमोलाच मावशीकडे राहिली होती. तोरूननं तिकडे फोन लावला. बहीण ओसे काही बोलायच्या आत सिग्नेनंच फोन ओढून घेतला.

"आई, बाबा आहेत ना बंदरावर? त्यांच्या मोटरसायकलवर ये."

"त्याच्या मागे बसून? त्यापेक्षा मी चालत येते."

"शेहेचाळीस किलोमीटर?"

"सिग्ने, तुला माहीत आहे..."

"मला सगळं माहीत आहे," पोरगी म्हणाली. तिचा आवाज चिरकला, तसा तिनं घसा साफ केला. "दोन वर्षं तेच बघतेय. नाताळात तू आलीस तर बाबा नाहीत. शाळेत बाबा आले तर तू नाहीस. मी तुमच्याकडे घड्याळ मागितलं नाही, केक मागितला नाही. नाव पुकारलं की मी मागे वळून बघणार आहे. दोघं उभे दिसले पाहिजेत. एका बाकावर नसलात तरी चालेल. पण दोघं. आणि एकदा तरी मी म्हणते म्हणून."

तोरूननं फोन ठेवला. तिनं बंदरावरच्या कँटीनला फोन करून निरोप ठेवला.

हाल्वार सव्वानऊला आला. घटस्फोट झाल्यापासून तो जाळ्यांच्या गोदामावरच्या खोलीत राहत होता. सुटावर चामडी जाकीट, टाय गळ्यात मागे उडालेला, आणि चेहऱ्यावर ते हसू, जे बघून संसाराच्या अठरा वर्षांपैकी निदान सोळा वर्षं तोरूनचं डोकं फिरत आलं होतं. तो गाडीवरून उतरलाही नाही.

"शेवटी माझ्याच मागे बसायची वेळ आली म्हणायची."

"तोंड उघडू नकोस. नुसतं चालव."

"बस. आणि ती छातीवरची झुंबरं आवर, चाकात जातील."

"पेट्रोल आहे?"

"बुधवारी फुल्ल केलीय. अजून खोकलीसुद्धा नाही."

हे खोकण्याचं सांगायला हवं, कारण हाल्वारचा सगळा संसार त्या खोकण्यावर चालायचा. त्याच्या टाकीत सोळा लिटर मावायचे. तेरा संपले की इंजिन खोकायचं. मग डावा हात टाकीखाली घालून पेट्रोलचा कॉक वर फिरवायचा, की उरलेले तीन लिटर मिळायचे. म्हणजे गाडी रिझर्व्हला लागली. तीन लिटरात साठ किलोमीटर. किलोमीटर मोजायच्या काट्याची तार तुटून तीन वर्षं झाली होती आणि त्यानं ती बदलली नव्हती. "काट्यावर बायका जगतात," असं तो म्हणायचा. "खोकली की साठ. यापेक्षा जास्त गणित मला लागत नाही."

गणित ठीकच होतं, पण त्याला एक शेपूट होतं. टाकी पुन्हा भरली की कॉक परत खाली, मूळ जागी आणायचा. नाहीतर गाडी पहिल्यापासून रिझर्व्हचंच पिते, तेरा संपले तरी खोकत नाही, सांगत नाही, आणि एके दिवशी सगळंच्या सगळं संपल्यावर खोकते ती जागच्या जागी बसायलाच. हे शेपूट हाल्वार विसरायचा. कधीकधी नव्हे, प्रत्येक वेळी. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात दोघांनी गाडी सहा किलोमीटर ढकलली होती, तीही गारांत, आणि तो सगळा वेळ पंपवाल्याला शिव्या घालत होता की पेट्रोलात पाणी घातलंय म्हणून.

त्या दिवसापासून तोरूननं एक केलं. पंपावर तो पैसे देऊन, पंपवाल्याशी दोन फुशारक्या मारून परत येऊन बसायचा. मग ती मागे चढायची, आणि चढता चढता वाकून डावा हात टाकीखाली घालायची. कट्. कॉक खाली. एक वर्ष नाही, अठरा वर्षं. तीन मोटरसायकली बदलल्या, कॉक प्रत्येकीला डावीकडेच होता. त्याला कधी कळलं नाही. तो आपला बढाया मारत राहिला, की मी कधी अडकलो नाही, माझा अंदाज कधी चुकला नाही. तिनंही सांगितलं नाही. आधी प्रेमानं नाही सांगितलं, मग सवयीनं, आणि शेवटी रागानं. घटस्फोटानंतर तो बंदराभोवतीच फिरायचा आणि दर बुधवारी टाकी भरायचा, म्हणून त्याचं विसरणं अजून उघडं पडलं नव्हतं.

आताही तिनं परकर एका हातानं गुंडाळला, पाय फूटरेस्टवर ठेवला आणि वाकली. कॉक वर होता. रिझर्व्हवर.

हात अर्ध्यात पोचला होता. तिचा हात, अठरा वर्षांचा सवयीचा, मूर्ख हात. तिनं तो तिथेच थांबवला.

का मी? तिच्या मनात आलं. याला सोडलं, याचं नाव सोडलं, अजून याचा कॉक मीच फिरवू? बुधवारी भरलीय म्हणतो. बंदर ते कँटीन, कँटीन ते बंदर, किती फिरला असेल? एल्वेमो तर आरामात येईल. संपेल ते परतीच्या वाटेवर. आणि परतताना मी ओसेच्या गाडीत असेन, हा एकटा असेल. राइनफेलच्या माथ्यावर, वाऱ्यात, बर्फात रस्ता कळावा म्हणून रोवलेल्या त्या खांबांशेजारी उभा राहील आणि तोऱ्यात हात खाली घालील. घालू दे. कळू दे एकदा, इतकी वर्षं याची गाडी कशावर चालली ते.

विचार इतका गोड होता की तिला तो जिभेवर जाणवला. तिनं हात मागे घेतला आणि हातमोजा चढवला.

"काय शोधतेयस?" हाल्वार म्हणाला.

"काही नाही. चल."

वाट समुद्राच्या कडेकडेनं वीस किलोमीटर जाते आणि मग डोंगराला लागते. जूनचा पहिला आठवडा, तरी खाचांमधून मळका बर्फ पडलेलाच होता. रस्ता मोकळा होता. जे जायचे ते केव्हाच गेले होते. तोरूननं त्याला धरलं नाही. मागच्या लोखंडी कडीला धरून ती मागे रेलून बसली, त्यामुळे तिचे दंड दुखायला लागले, पण दुखू देत.

"धर की नीट!" तो वाऱ्यातून ओरडला. "मी काय चावतो?"

"पुढे बघ!"

"लोक म्हणतील, परत एकत्र आले!"

"लोकांना डोळे आहेत!"

"ओसेनं चर्चमध्ये बसवलंय ना मला भिंतीकडे? तुझ्या त्या बहिणीला मी आधीपासून..."

"ओसेचं नाव घेऊ नकोस! तुझ्या मुलीला आठवडाभर तिनं जेवू घातलंय. तू काय घातलंस?"

"मी चांदीचा चमचा आणलाय!" खिशावर थाप मारायला त्यानं एक हात सोडला, तशी गाडी हलली आणि तोरूनच्या तोंडून एक शब्द निघाला, जो चर्चला जाताना निघायला नको होता.

असं भांडत भांडत ते डोंगराला लागले. दहा वाजले होते. वेळेत होते, चांगला तासभर हातात होता. तोरूनच्या मनात आलं की आत जाऊन केस विंचरायला वेळ मिळेल. आणि तेवढ्यात, चढणीच्या मध्यावर, इंजिन खोकलं.

हाल्वार खूश झाला. तिला त्याच्या पाठीवरूनच कळलं. पाठ ताठ झाली त्याची. "बघ!" तो म्हणाला. "अगदी तालावर. खोकली की साठ!" आणि त्यानं डावा हात टाकीखाली घातला, खाली न बघता, एखादा माणूस स्वतःच्या घराची कडी लावतो तसा.

हात तिथेच राहिला. इंजिन दुसऱ्यांदा खोकलं आणि गेलं. गाडी आपल्या जोरावर दहा-वीस पावलं चढली, मग थांबली. वारा तेवढा ऐकू येत होता.

हाल्वारनं खाली वाकून बघितलं. मग हात काढला, पुन्हा घातला, जणू दुसऱ्या वेळी कॉक वेगळीकडे असेल.

"वर आहे," तो म्हणाला.

तोरून उतरली.  इथे? ते इथे व्हायचं नव्हतं. ते संध्याकाळी व्हायचं होतं.

"बुधवारी फुल्ल केली होतीस ना?" ती म्हणाली. "बुधवारी! मग गेलं कुठे? प्यायलास?"

"शुक्रवारी फ्योर्डच्या पार टोकाला, खाडी संपते तिथे गेलो होतो."

"कशाला?"

"बोट बघायला."

"कुणाची बोट?"

"माझी. म्हणजे, घेतली असती तर."

"जाऊन येऊन अडीचशे किलोमीटर, रविवारी लेकीचं कन्फर्मेशन, आणि हा बोट बघायला जातो! मला दारात काय सांगितलंस? खोकलीसुद्धा नाही म्हणे! खोकणार कशी ती? घसा दाबून ठेवलायस तिचा!"

"मला वाटलं खोकली की साठ आहेतच!" तो तिच्यावर धावून आल्यासारखा ओरडला. "साठ असतातच! अठरा वर्षं असतात! मी कधी विसरत नाही!"

तोरूनच्या ओठांवर आलं. सगळं आलं, पहिल्या उन्हाळ्यापासूनचं, गारांपासूनचं. तू प्रत्येक वेळी विसरतोस, मूर्खा, प्रत्येक वेळी, तुझे साठ किलोमीटर माझे आहेत. दोन वर्षं ती या क्षणाची वाट बघत होती. आणि ती बोलली नाही. कारण पुढचा प्रश्न काय येणार ते तिला दिसत होतं. मग आज? आज चढताना बघितलं नाहीस?

"तेरा किलोमीटर राहिलेत," ती एवढंच म्हणाली.

दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. दोघांनी खाली रस्त्याकडे बघितलं, वर रस्त्याकडे बघितलं. कुठे काही हलत नव्हतं. अख्खा तालुका चर्चमध्ये बसला होता.

"आडवी करू," हाल्वार म्हणाला.

हे तिलाही माहीत होतं. टाकी खोगिरासारखी असते, मधून सांगाडा जातो. कॉक डावीकडे, म्हणून उजव्या पोटात शेवटचा घोट अडकून राहतो. गाडी डावीकडे निजवली की तो इकडे येतो. दोघांनी दोन बाजूंनी धरलं. दोनशे किलोचं धूड, आणि ती बुनाद घालून. गाडी रस्त्याकडेच्या शेवाळात डाव्या अंगावर निजवताना हँडल तिच्या छातीत घुसलं आणि ब्रोचचा एक चांदीचा तुकडा तुटून कुठेतरी गेला. शोधायला वेळ नव्हता. टाकीत गुळगुळ वाजलं. दोघं कान लावून उभे राहिले.

"अर्धा लिटर," हाल्वार म्हणाला. "तेही असलं तर."

"उचल. चल."

"थांब." तो चढणीकडे बघत होता. त्याचा आवाज बदलला होता. "माथा अजून चार किलोमीटर आहे. चढ आहे. दोघांना घेऊन ती माथ्याआधीच सगळं पिईल, आणि मग दोघंही इथेच. एकटा माणूस माथ्यावर पोचेल. तिथून नऊ किलोमीटर उतारच आहे, इंजिन बंद करूनही जाईल."

वाऱ्यानं तोरूनचा परकर फडफडला. "म्हणजे?"

"म्हणजे एकच जण."

त्यांनी गाडी उभी केली. आणि हाल्वारनं पाय टाकला आणि तो सीटवर बसला.

"जा!" तोरून किंचाळली. तिला वाटलं होतंच, तेच झालं होतं. "जा ना! तेच येतं तुला! मी चढवायची, मी ढकलायची, आणि तू जायचंस! सांग सिग्नेला की तुझी आई रस्त्यात टाकून आलो! चमचा दे तिला आणि सांग! माणूस म्हणायचं तुला? थू!"

तो हँडल धरून बसला होता, समोर बघत. मग उतरला. हेल्मेट काढून तिच्या हातात कोंबलं, प्रेमानं नव्हे, एखादी वस्तू परत करतात तसं.

"तू जा."

"काय?"

"बहिरी आहेस? तू जा म्हटलं. पूर्वी मोपेड चालवायचीस, हीपण चालवशील. लायसन्स विचारणारा पोलीसपण चर्चमध्येच बसलाय." त्यानं नाक पुसलं. "चूक माझी आहे. अठरा वर्षांत एकदा विसरलो, आणि तेही आजच. एकदाच!"

ही शेवटची वेळ होती बोलायची. तोरूनला ते कळत होतं. इथे, या शेवाळात, ती म्हणू शकली असती. पण मग तो म्हणाला असता, उतर, आणि तिला उतरावं लागलं असतं. तिनं हेल्मेट डोक्यात घातलं. पट्टा लावायला तिला तीनदा प्रयत्न करावा लागला.

"सिग्नेला सांग, कॉक विसरलो," हाल्वार म्हणाला. "उगाच झाकू नकोस. ती ओळखते मला."

"सांगते."

"क्लच हळू सोड. आणि माथ्यावर न्यूट्रल. पाडू नकोस माझी गाडी."

"शिकवलंस तेव्हा ओरडण्याशिवाय दुसरं काय शिकवलंस?" ती म्हणाली, कारण काहीतरी म्हणायलाच हवं होतं. गाडी एक हिसका खाऊन निघाली. वळणावर तिनं आरशात बघितलं. तो चालायला लागला होता, टाय खांद्यावर, वर चढणीकडे, जणू तेरा किलोमीटर म्हणजे काही फार नव्हे.

पेट्रोल माथ्याच्या तीनशे पावलं आधी संपलं. या वेळी गाडी खोकलीसुद्धा नाही. तोरूननं ढकललं. लोकरी पोशाख, चांदी, चर्चचे बूट, दोनशे किलो. घाम डोळ्यांत जात होता आणि ती बडबडत होती, मोठ्यानं, रस्त्याकडेच्या खांबांना ऐकवत. त्याला शिव्या, बोटीला शिव्या, गाडीला शिव्या. स्वतःवर आली की पुन्हा त्याच्यावर वळायची. माथ्यावर पोचली तेव्हा तिची बोटं बधीर झाली होती. ती चढून बसली, पाय सोडले, आणि गाडी आवाज न करता खाली निघाली. नऊ किलोमीटर. एल्वेमोच्या घंटा तिला अर्ध्या उतारावर ऐकू आल्या, आणि सपाटीवर गाडी मंदावली तेव्हा त्या थांबल्या होत्या. शेवटचं अंतर ती पुन्हा ढकलत आली. गाडी चर्चच्या कुंपणाला टेकवून आत गेली तेव्हा सव्वाअकरा झाले होते.

नावं सुरू झाली होती. ओसेनं मागचा एक बाक धरून ठेवला होता. तिनं तोरूनकडे बघितलं, परकरावरच्या चिखलाकडे, तेलाच्या डागाकडे, आणि काही विचारलं नाही. "हाल्वार?" एवढंच ओठ हलवले. तोरूननं नाही म्हणून मान हलवली.

"सिग्ने म्यूरवांग," पाद्रीबाईंनी पुकारलं.

तोरून उभी राहिली. ओसे आणि तिचा नवरा आर्विद उभे राहिले. वेदीपुढे पांढऱ्या झग्यातली पोरगी वळली, आणि तिला आई दिसली. तिचा चेहरा उजळला. मग तिची नजर आईच्या शेजारी गेली. मग भिंतीकडे गेली, जिथे हाल्वार बसला असता. मग मागे, दारापर्यंत. दार बंद होतं. पाद्रीबाई थांबल्या होत्या, कारण तिनं वळायला हवं होतं आणि ती वळत नव्हती. सगळं चर्च बघत होतं. शेवटी ती वळली आणि गुडघ्यांवर बसली. तोरूनला तिची पाठ तेवढी दिसत होती.

बाहेर उन्हात फोटो चालले होते, सगळे एकमेकांचे हात हलवत होते. शेजारच्या सभागृहातून कॉफीचा वास येत होता. सिग्ने झगा वर धरून गर्दीतून सरळ आली.

"बाबा कुठे?"

"रस्त्यात. पेट्रोल संपलं. एकालाच येता आलं असतं, त्यानं मला पाठवलं." हे बोलल्याबद्दल तोरूनला स्वतःचा थोडा अभिमान वाटला. "चालत येतोय."

"संपलं कसं? रिझर्व्ह?"

"कॉक रिझर्व्हवरच राहिला होता. भरल्यावर फिरवायचा विसरला. त्यानंच सांगितलंय तुला सांगायला."

ओसेनं जिभेनं च् च् केलं. "हा माणूस!" ती म्हणाली. "आजच्या दिवशी तरी!"

सिग्ने मावशीकडे बघत नव्हती. ती कुंपणाला टेकलेल्या मोटरसायकलकडे बघत होती.

"मी पुढे टाकीवर बसायचे," ती म्हणाली. "लहान असताना. आठवतं?"

"आता ते कशाला..."

"पंपावरून निघताना तुझा हात माझ्या गुडघ्याखालून यायचा. कट् वाजायचं. मला वाटायचं, ते केल्याशिवाय गाडी चालूच होत नाही. एकदा मी बाबांना सांगणार होते, तर तू मागून माझ्या तोंडावर बोट ठेवलंस."

 ओसे एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती; तिला काही कळत नव्हतं.

"बाबा विसरतातच," सिग्ने म्हणाली. "ते नेहमीच विसरतात. पण तू आज मागे बसली होतीस."

प्रश्न असता तर तोरूननं काहीतरी उत्तर दिलं असतं.

"मला वाटलं परतताना संपेल," ती म्हणाली. शब्द बाहेर पडले आणि मग तिला ऐकू आले. "सिग्ने, मला वाटलं एल्वेमोपर्यंत नक्की येईल. मी काय मुद्दाम तुझ्या... मला यायचंच होतं गं! मी ढकलत आले! बघ ना माझे हात बघ!"

"परतताना बाबा एकटेच असते."

"हो, पण..."

"माथ्यावर."

"सिग्ने, त्यानं माझं काय केलंय ते तुला..."

"मी एक मागितलं होतं," सिग्ने म्हणाली. ती रडत नव्हती, ओरडतही नव्हती. तोरूनला वाटलं, ओरडली असती तर बरं झालं असतं. "तुम्ही दोघांनी मिळून तेही घालवलंत. त्यांनी तरी कबूल केलं."

मग ती वळली. "आर्विदकाका! पेट्रोल आहे घरात? पंप तर उद्या उघडेल."

आर्विदचं घर चर्चच्या समोरच होतं. तो स्नोस्कूटरसाठी ठेवलेला पाच लिटरचा डबा घेऊन आला आणि त्यानं आपली स्टेशनवॅगन कुंपणापाशी आणली. सिग्ने झग्यासकट पुढे बसली. पाद्रीबाई लांबून ओरडल्या, अगं झगा परत द्यायचाय, फोटो राहिलाय. तिनं दार ओढून घेतलं.

तोरून धावत आली आणि तिनं मागच्या दाराच्या कडीला हात घातला.

"मीपण येते. मी सांगते त्याला. मीच सांगते, सगळं."

सिग्नेनं काच चार बोटं खाली केली.

"गाडीत जागा नाही, आई."

आर्विदनं मागे वळून बघितलं. "अगं, मागे तर अख्खी..."

"काका, चला. बाबा चालतायत."

आर्विदनं मान खाली घातली आणि गिअर टाकला. तोरूनच्या हातातून कडी सुटली. मागच्या सीटवर तीन माणसं बसली असती. तिथे मधोमध पेट्रोलचा डबा ठेवला होता, आणि सांडू नये म्हणून आर्विदनं त्याला पट्टा बांधला होता.